टिमसॉर्ट बरोबर होता का? एका सॉर्टिंग प्रोग्रॅमचं प्रकरण

फेब्रुवारी २०१५ मध्ये युरोपातल्या पाच संशोधकांनी जाहीर केलं की जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतला सॉर्ट, म्हणजे यादी क्रमाने लावणारा टिमसॉर्ट हा प्रोग्रॅम, चुकीचा आहे. स्टाइन डे गाऊ, युरियान रोट, फ्रांक डे बुर, रिचर्ड बुबेल आणि रायनर हेनले ही त्यांची नावं. काही जण नेदरलँड्सचे, अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेशी संबंधित, तर काही जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या तंत्र विद्यापीठातले. चूक शोधायला ते निघालेच नव्हते. त्यांना हा प्रोग्रॅम बरोबर आहे असं सिद्ध करायचं होतं. त्याआधी काउंटिंग सॉर्ट आणि रॅडिक्स सॉर्ट या दोन पद्धतींची सिद्धता त्यांच्यापैकी काहींनी ‘की’ नावाच्या, सिद्धतेची प्रत्येक पायरी तपासणाऱ्या साधनावर पूर्ण केली होती. आता त्यांना रोजच्या वापरातला, खराखुरा गुंतागुंतीचा सॉर्ट घ्यायचा होता. सिद्धता एका जागी अडली आणि का अडली हे पाहताना चूक हाती लागली.

प्रोग्रॅम बरोबर असणं म्हणजे काय, याची चर्चा सहसा कोसळलेल्या रॉकेटपासून सुरू होते. या प्रकरणात काहीही कोसळलं नाही, कुणाला इजा झाली नाही. तरी मला हे प्रकरण जास्त शिकवणारं वाटतं. हा कोड जाणत्या माणसांनी लिहिला होता, तो सगळ्या जगाला उघडा होता आणि वर्षानुवर्षं असंख्य मशीनवर दिवसरात्र चालत होता. इतकं सगळं असूनही त्यातल्या एका फंक्शनवरची कॉमेंट, म्हणजे कोडशेजारी माणसांसाठी लिहिलेला खुलासा, खोटी होती.

सॉर्टकडून आपण नेमकं काय मागतो

‘यादी क्रमाने लाव’ ही मागणी वाटते तेवढी पुरेशी नाही. दिलेली यादी फेकून देऊन हजार शून्यं परत करणाऱ्या प्रोग्रॅमचं उत्तरही क्रमानेच लागलेलं असतं! म्हणून दुसरी अट लागते: जे घटक आत आले तेच, तितक्याच वेळा, बाहेर आले पाहिजेत. तिसरी अट स्थिरतेची. वर्गाची यादी आधी नावाने लावली आणि मग गुणांनी लावली, तर ७२ गुण असलेली सगळी मुलं आपसात नावाच्या क्रमानेच राहिली पाहिजेत. जावा आपल्या ऑब्जेक्टच्या सॉर्टबद्दल ही हमी देते. याशिवाय प्रोग्रॅम कधीतरी थांबला पाहिजे आणि मध्येच कोलमडता कामा नये. या शेवटच्या दोन अटी कुणी बोलून दाखवत नाही, त्या गृहीतच असतात. आपलं प्रकरण नेमकं त्यांच्यापाशी घडतं.

पण करार एकतर्फी नसतो. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६९ साली प्रोग्रॅमच्या बरोबरपणाची जी मांडणी केली तिचा गाभा असा: सुरुवातीला अमुक अट खरी असेल, तर प्रोग्रॅम संपल्यावर तमुक अट खरी असेल. पहिली अट वापरणाऱ्याने पाळायची, दुसरी लिहिणाऱ्याने. सॉर्टच्या बाबतीत वापरणाऱ्याची जबाबदारी म्हणजे त्याने दिलेला कंपॅरेटर, म्हणजे दोन घटकांत मोठा कोण हे सांगणारं फंक्शन, सुसंगत असणं. क हा ख पेक्षा मोठा आणि ख हा ग पेक्षा मोठा असेल, तर क हा ग पेक्षा मोठाच निघाला पाहिजे.

जावात काम करणाऱ्या अनेकांना हा करार एका एक्सेप्शनमुळे, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच थांबवणाऱ्या चुकीच्या संदेशामुळे, कळला. जावा ७ मध्ये, म्हणजे २०११ साली, जुना मर्ज सॉर्ट जाऊन टिमसॉर्ट आला आणि वर्षानुवर्षं चाललेले काही प्रोग्रॅम अचानक ‘कंपॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट’ असा संदेश देऊन बंद पडू लागले. दोन आकड्यांची तुलना करायला सरळ वजाबाकी करून टाकायची, ही फार रुळलेली सवय आहे. पण २०० कोटींतून उणे २०० कोटी वजा केले तर उत्तर ४०० कोटी येतं, ते जावाच्या इंट या ठरावीक मापाच्या पूर्णांकात मावत नाही आणि गुंडाळलं जाऊन ऋण होतं. मोठा आकडा लहान ठरतो आणि सुसंगती मोडते. जुना सॉर्ट असा कंपॅरेटर मुकाट्याने चालवून घ्यायचा, उत्तर चुकलं तरी. टिमसॉर्टला गडबड जाणवली तर तो ओरडतो. ‘काल चालत होतं, आज तुमच्या नव्या व्हर्जनने मोडलं’ ही तक्रार समजू शकते, पण करार मोडलेला होता तो वापरणाऱ्याच्याच बाजूने. आता जे सांगायचं आहे त्यात मात्र वापरणाऱ्याचा काडीचाही दोष नाही.

तुकड्यांची चळत

टिमसॉर्ट २००२ साली टिम पीटर्स यांनी पायथन या भाषेसाठी रचला. जावात तो जोशुआ ब्लॉक यांनी आणला आणि अँड्रॉइडनेही तो घेतला. त्यामागचं निरीक्षण साधं आणि फार चांगलं आहे: खऱ्या जगातला डेटा पूर्ण विस्कटलेला क्वचितच असतो, त्यात आधीच क्रमाने असलेले तुकडे सापडतात. टिमसॉर्ट डावीकडून असे तुकडे ओळखत जातो. उलट्या क्रमाचा तुकडा दिसला तर तो फिरवून घेतो. तुकडा फारच लहान असेल तर इन्सर्शन सॉर्टने त्याला किमान लांबीपर्यंत वाढवतो. जावात ही किमान लांबी अ‍ॅरेच्या, म्हणजे सॉर्ट करायच्या यादीच्या, आकारानुसार १६ ते ३२ च्या दरम्यान येते. मग शेजारशेजारचे तुकडे एकत्र मिसळायचे.

कुठले तुकडे कधी मिसळायचे, यावर वेग ठरतो. लांबलचक तुकड्यात चिमुकला तुकडा पुन्हा पुन्हा मिसळत बसलं तर सगळा फायदा वाया जातो. म्हणून सापडलेल्या तुकड्यांच्या लांब्या एका चळतीत ठेवल्या जातात आणि त्या चळतीबद्दल दोन नियम पाळले जातात. एक, प्रत्येक तुकडा त्याच्या लगेच वरच्या तुकड्यापेक्षा लांब असला पाहिजे. दोन, प्रत्येक तुकडा त्याच्या वरच्या दोन तुकड्यांच्या बेरजेपेक्षा लांब असला पाहिजे. नवा तुकडा चळतीवर आला की एक फंक्शन नियम तपासतं, मोडले असतील तर तुकडे मिसळतं आणि नियम पुन्हा खरे झाले की थांबतं. जावाच्या कोडमध्ये त्या फंक्शनवर तशी कॉमेंटच आहे. प्रोग्रॅम चालू असताना ठरावीक टप्प्यांवर सतत खऱ्या राहिल्या पाहिजेत अशा अटींना इन्व्हेरिअंट म्हणतात. हे दोन नियम म्हणजे टिमसॉर्टचा इन्व्हेरिअंट.

दुसऱ्या नियमातून एक गोष्ट आपोआप निघते. वरून खाली यायला लागलो तर लांब्या फिबोनाचीच्या आकड्यांसारख्या वाढतात: १६, १७, ३४, ५२, ८७, १४०, असं. वाढ इतकी झपाट्याची असल्यामुळे चळत कधीच फार उंच होत नाही. जावात अ‍ॅरेची लांबी जास्तीत जास्त २१४ कोटींच्या आसपास जाते, त्यालाही थोडेच खण पुरतात. लायब्ररीने हा हिशोब करून चळतीसाठी आधीच ठरावीक जागा राखून ठेवली: अगदी लहान अ‍ॅरेला ५ खण, त्याहून मोठ्याला १०, मग १९ आणि १,१९,१५१ घटकांपासून पुढे ४०. प्रत्येक वेळी ‘जागा आहे का’ हे तपासायची गरजच उरू नये, हा हेतू.

म्हणजे कोलमडणार नाही ही हमी खणांच्या आकड्यावर उभी होती, खणांचा आकडा इन्व्हेरिअंटवर आणि इन्व्हेरिअंट त्या एका फंक्शनवर.

१२०, ८०, २५, २०, ३०

सिद्धता करणाऱ्यांना ‘की’समोर दाखवायचं होतं की चळतीत नवी लांबी लिहिताना खण कधीच संपत नाहीत. त्यासाठी चळतीतल्या प्रत्येक तुकड्याबद्दल नियम खरा आहे हे हवं होतं. पण फंक्शन तपासतं ते फक्त सगळ्यात वरचे तीन तुकडे. वरच्या तिघांत नियम खरा म्हणजे खालीही खरा, असं लिहिणाऱ्यांनी धरलं होतं. माणसाला हे पटतं, कारण खालचे तुकडे आधी तपासून झालेले असतात. साधनाला पटत नाही, त्याला सिद्ध करून द्यावं लागतं. आणि ते सिद्ध होईना.

चळतीत खालून वर १२०, ८०, २५ आणि २० लांबीचे तुकडे आहेत असं धरा. १२० हे ८० अधिक २५ पेक्षा, म्हणजे १०५ पेक्षा, जास्त आहे. ८० हे ४५ पेक्षा जास्त आहे. २५ हे २० पेक्षा जास्त आहे. सगळं नियमात. आता ३० लांबीचा नवा तुकडा वर आला. फंक्शन वरचे तीन पाहतं: २५ हे २० अधिक ३० पेक्षा कमी, नियम मोडला. २५ हा ३० पेक्षा लहान असल्यामुळे २५ आणि २० मिसळले जातात आणि चळत होते १२०, ८०, ४५, ३०. फंक्शन पुन्हा वरचे तीन पाहतं. ८० हे ७५ पेक्षा जास्त, ठीक. ४५ हे ३० पेक्षा जास्त, ठीक. काम झालं म्हणून ते थांबतं.

पण तळाशी पाहा. १२० च्या वर आता ८० आणि ४५ आहेत. त्यांची बेरीज १२५. नियम मोडलेला आहे आणि तिकडे कुणीच पाहिलेलं नाही.

हा एवढा पुरावा कागद-पेन्सिलीने पाच मिनिटांत तपासता येतो. टिमसॉर्ट वाचलेल्या कुणालाही तो २००२ पासून कधीही सापडू शकला असता, तो सापडायला कुणीतरी सिद्धता करायला बसावं लागलं, ही मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची बाब वाटते.

नियम मोडला म्हणून यादी चुकीची लागत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. तुकडे शेवटी मिसळले जातातच, उत्तर क्रमानेच येतं, स्थिरताही टिकते. फक्त चळत हिशोबापेक्षा थोडी उंच होऊ शकते. एखाद-दुसऱ्या खणाने फरक पडत नाही. पण लांब्या मुद्दाम जुळवून नियम वारंवार मोडायला लावला, तर खण संपतात आणि ‘अ‍ॅरे इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स’ येऊन सॉर्ट कोसळतो. संशोधकांनी हिशोब मांडला: ६,७१,०८,८६४ घटकांच्या अ‍ॅरेला वाईटात वाईट स्थितीत ४१ खण लागू शकतात. जागा होती ४०. त्यांनी तसा अ‍ॅरे बनवणारा प्रोग्रॅम लिहिला आणि जावाचा सॉर्ट पाडून दाखवला.

टेस्टिंगमध्ये हे का सापडलं नाही? रँडम आकडे भरलेल्या अ‍ॅरेत आपोआप सापडणारे तुकडे खूप लहान असतात. ते सगळे किमान लांबीपर्यंत वाढवले जातात, त्यामुळे जवळजवळ सारख्या लांबीचे होतात आणि चळत शहाण्यासारखी वागते. असे कितीही रँडम अ‍ॅरे चालवले तरी ही चूक दिसणार नाही. तिच्यापर्यंत पोचायला लांब्या ठरवून निवडाव्या लागतात आणि त्या निवडायला चूक कुठे आहे हे आधी माहीत असावं लागतं.

याच लायब्ररीत आधीही असं घडलं होतं. जून २००६ मध्ये ब्लॉक यांनी स्वतःच उघड लिहिलं की जावातल्या बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेली यादी अर्धी अर्धी करत शोधण्याच्या पद्धतीत, नऊएक वर्षं चूक होती. डावी आणि उजवी सीमा मिळवून दोनने भागायचं, ही ती ओळ. पूर्णांक कितीही मोठे होऊ शकतात असं धरलं तर ती निर्दोष आहे. जावाच्या इंटमध्ये मात्र १०० कोटींच्या वर घटक झाले की बेरीज ऋण होऊ शकते. तिथे सिद्धतेतले आकडे आणि मशीनमधले आकडे वेगळे होते. टिमसॉर्टमध्ये सिद्धता मुळात झालेलीच नव्हती, होती ती कॉमेंट.

आकडा वाढवण्याचा उपाय

२०१५ च्या आधीही धूर दिसला होता. २०१३ मध्ये टिमसॉर्ट कोसळल्याची नोंद जावाच्या बग-यादीत झाली होती. ६५,५३६ घटकांना वाईटात वाईट स्थितीत २१ खण लागू शकतात आणि राखीव होते १९. तेव्हा १९ चे २४ करण्यात आले आणि प्रकरण मिटलं असं धरलं गेलं. इन्व्हेरिअंट मोडतोय का, हे तपासलं गेलं नाही.

२०१५ मध्ये संशोधकांनी खरा उपाय दिला: फंक्शनने एक तुकडा आणखी खाली पाहावं. अटीत एक जास्तीची तुलना, बस. वर त्यांनी ‘की’मध्ये सिद्धही करून दाखवलं की दुरुस्त केलेला प्रोग्रॅम थांबतो आणि कोलमडत नाही. पायथनने हा उपाय घेतला. गंमत अशी की पायथनमध्ये ८५ खण होते आणि ते संपवायला लागणारा अ‍ॅरे त्या काळच्या कुठल्याच संगणकावर मावला नसता. व्यवहारात धोका शून्य होता, तरी कॉमेंट खरी करायची म्हणून त्यांनी कोड बदलला.

जावाने दुसरा रस्ता धरला. ४० चे ४९ केले. वाईटात वाईट स्थितीत किती खण लागतील याचा जो हिशोब संशोधकांनी दिला होता, त्याप्रमाणे ४९ पुरेसे होते. असा निर्णय का होतो हे समजण्यासारखं आहे. कोट्यवधी प्रोग्रॅम ज्या कोडवर उभे आहेत त्यातलं तर्काचं वळण बदलण्यापेक्षा एक आकडा बदलणं सुरक्षित वाटतं. सगळ्या टेस्ट पास होतात, रिव्ह्यू करणाराही लगेच होकार देतो.

माझ्या मते तो निर्णय चुकीचा होता आणि तेव्हाही तो चुकीचा म्हणता आला असता. ४९ टाकल्यावर प्रोग्रॅम कोलमडणार नाही असं मानायला कारण काय होतं? आधीचं कारण दोन ओळींचं होतं: नियम पाळला जातो, म्हणून चळत फिबोनाचीने बांधलेली आहे. आता नियम पाळला जात नाही हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे कारण असं झालं: नियम मोडतो, पण किती वाईट मोडतो याचं एक लांब विश्लेषण आहे आणि त्याचं उत्तर ४९ येतं. कोड तोच राहिला, पण तो बरोबर आहे हे सांगणारा युक्तिवाद दोन ओळींवरून कित्येक पानांवर गेला. आणि कोड वाचणाऱ्यासमोर ती पानं नव्हती, समोर होती तीच जुनी कॉमेंट.

२०१८ मध्ये फ्रान्समधल्या चार संशोधकांनी, निकोला ओजे, व्हँसाँ ज्यूजे, सिरिल निको आणि कारीन पिव्होतो यांनी, टिमसॉर्टच्या वेगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. टिमसॉर्ट वाईटात वाईट स्थितीतही एन लॉग एन वेळात (एन म्हणजे घटकांची संख्या) संपतो असं २००२ पासून सांगितलं जात होतं, पण त्याची सिद्धता त्यांच्या आधी कुणी दिली नव्हती. ती देताना त्यांना जावाची आवृत्ती वेगळी हाताळावी लागली, कारण तिथे नियम अजून मोडत होता. आणि त्या खटाटोपात लक्षात आलं की ४९ ज्यावरून आला त्या विश्लेषणातही चूक आहे. खण अजूनही कमीच होते. त्यांनीही सॉर्ट पाडणारा अ‍ॅरे बनवून दाखवला.

त्यानंतर, जावा ११ मध्ये, अटीत ती जास्तीची तुलना आली. तीन वर्षांपूर्वी सुचवली होती तीच.

सिद्ध काय झालं

‘टिमसॉर्ट सिद्ध झाला आहे’ असं वाक्य आता बोलण्यात येतं, म्हणून एक बारकावा सांगणं मला गरजेचं वाटतं. २०१५ च्या त्या कामात दोन गोष्टी सिद्ध झाल्या: प्रोग्रॅम थांबतो आणि एक्सेप्शन येत नाही. यादी क्रमानेच लागते, तेच घटक बाहेर येतात, स्थिरता टिकते, या अटी त्या सिद्धतेत नव्हत्या. सुरुवात पूर्ण सिद्धतेच्या इराद्याने झाली होती, पण चूक सापडल्यावर रोख तिच्याकडे वळला. संशोधकांनी हे आपल्या लेखात स्वच्छ लिहिलं आहे, त्यामुळे दोष त्यांचा नाही. वाचणारा ‘सिद्ध’ एवढंच उचलतो आणि काय सिद्ध हे मागे ठेवतो.

म्हणून कुणी प्रोग्रॅम बरोबर आहे असं म्हटलं की मी तीन गोष्टी विचारते. कुठल्या दाव्याच्या तुलनेत बरोबर? कुठल्या अटी पाळल्या असतील तर? आणि हे कशावरून, टेस्ट, सिद्धता की बराच काळ चाललाय म्हणून? टिमसॉर्टच्या बाबतीत २०१५ च्या आधी उत्तरं अशी असती: दावा लेखी होता, वापरणाऱ्याच्या अटीही लेखी होत्या, आणि ‘कशावरून’ला फक्त तिसरं उत्तर होतं. ते उत्तर निरर्थक नाही. इतकी वर्षं, इतक्या मशीनवर चाललेला कोड विश्वास कमावतोच. फक्त तो विश्वास आजवर आलेल्या डेटापुरता असतो. मुद्दाम रचलेला डेटा पाठवणारं कुणी समोर असेल तर तो तिथेच संपतो, आणि बाहेरून येणारा डेटा सॉर्ट करणाऱ्या सर्व्हरसमोर असं कुणीही असू शकतं.

आपल्या रोजच्या कामात ‘की’सारखं साधन वापरणारे फार थोडे. पण १२०, ८०, २५, २०, ३० हा पुरावा साधनाशिवायही निघू शकला असता. त्यासाठी कॉमेंटमधला इन्व्हेरिअंट एका असर्टमध्ये, म्हणजे अट खोटी निघाली की लगेच ओरडणाऱ्या ओळीत, लिहून, फंक्शन संपताना पूर्ण चळतीवर तपासला असता तर पुरे झालं असतं. मग कोसळायला पावणेसात कोटी घटक लागले नसते, तीनशेहून कमी घटकांच्या अ‍ॅरेवरच ओरड झाली असती. अशा लांब्यांचे तुकडे जुळवून देणारी एक टेस्ट एका संध्याकाळी लिहून होते. मी आता कोड रिव्ह्यू करताना ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘प्रत्येक’ असे शब्द कॉमेंटमध्ये दिसले की तो दावा तपासणारी ओळ कुठे आहे ते विचारते, आणि नसेल तर लिहायला सांगते.

पायथनने पुढे, ३.११ या आवृत्तीत, मिसळायचा हा नियमच बदलला. इयन मन्रो आणि सेबास्टियन विल्ड यांनी २०१८ मध्ये मांडलेली पॉवरसॉर्टची पद्धत तिथे आली. तुकडे शोधायची रीत तीच आहे, पण चळत किती उंच होऊ शकते याची मर्यादा आता नियमाच्या रचनेतूनच निघते, वरचे तीन पाहायचे की चार हा प्रश्न तिथे येत नाही. २०१५ ची सिद्धता अर्थातच या नव्या नियमाला लागू होत नाही.